चार नंबर, मादी

४ ऑक्टोबर

सव्वीस वर्षं मी रोज लिहिते आहे. पाण्याचं तापमान, खारटपणा, खाऊ दिला, पाणी बदललं, सही. एवढ्या वर्षांत त्या नोंदवहीत माझ्या मनातलं एक अक्षर गेलेलं नाही. तिथे तसला रकानाच नाही. आता निवृत्तीला दोन महिने राहिलेत, तर कपाटात पडलेल्या एका कोऱ्या वहीत स्वतःसाठी लिहावं म्हटलं. वही संस्थेची आहे. चोरी म्हणायची तर खुशाल म्हणा.

माझं काम असं. समुद्राला लागून आमचं संशोधन केंद्र, त्याच्या तळघरात एक थंड खोली, खोलीत काचेची बावीस भांडी, प्रत्येकाला नंबर. प्रत्येक भांड्यात काचपट्ट्यांवर हायड्रॉइड नावाच्या इवल्या समुद्री प्राण्याची एकेक वसाहत. नवख्याला वाटतं, काचेवर बुरशी आली. समुद्रात ती शंखावर वाढते, आणि तीही ज्या शंखात खेकड्यानं बिऱ्हाड केलंय त्याच शंखावर. खेकडा वाळूतून हिंडतो, ही त्याच्या डोक्यावर बसून हिंडते, त्याच्या जेवणातले कण खाते. बदल्यात तिचे डंख खेकड्याला राखतात. एका अळीपासून सुरुवात होते आणि शेकडो पॉलिप, म्हणजे नळीसारखे इवले जीव, होतात, पण सगळ्यांचं पोट एकच. खालच्या चटईसारख्या थरातून बारीक नळ्या गेलेल्या असतात, एकानं खाल्लं की सगळ्यांना पोचतं. कामंही वाटलेली. काही पॉलिप खाणारे, त्यांना तोंड आणि तोंडाभोवती हात. काही नुसते अंडी धरणारे, त्यांना तोंडच नाही. ते इतरांच्या जेवणावर पोसले जातात. आमच्या केंद्रात उलटं आहे. इथे राबणाऱ्यांना तोंड नाही.

मला सगळे "मावशी" म्हणतात, साहेबांपासून फाटकावरच्या रखवालदारापर्यंत. माझी एकच सख्खी भाची आहे आणि ती मात्र मला मावशी म्हणत नाही. तिच्या आईनं, म्हणजे माझ्या धाकटीनं, एकोणीस वर्षांपूर्वी माझ्याशी बोलणं टाकलं.

एक नवी संशोधक आलीय. तिला मी मनात नवीच म्हणते. ती मला ताई म्हणते. पहिल्याच दिवशी विचारलं, "ताई, तुमचं नाव काय?" आणि मला ते आठवायला क्षणभर लागलं. हे खोटं आहे, पण लिहायला बरं वाटलं.

८ ऑक्टोबर

नवीला जुने प्रयोग पुन्हा करून बघायचेत. दोन वसाहतींचे तुकडे एका काचेवर शेजारी शेजारी लावायचे. वाढत वाढत एकमेकींना भिडल्या की काय होतं ते बघायचं. जवळचं नातं असेल तर जुळतात, नळीला नळी लागते, पोट एक होतं. परकी असेल तर टोकं फुगतात, त्यात डंख भरतात आणि मरेपर्यंत लढाई. काही थोड्या नात्यातल्या असतात, त्या आधी जुळतात आणि मग आठवडाभरानं आपापल्या वाटेला लागतात. या तिसऱ्या जातीची माझी चांगली ओळख आहे.

पंचवीस वर्षांपूर्वीच्या वहीत सगळ्या जोड्यांचे निकाल आहेत. नवीला ते पुन्हा करून बघायचेत, वय झालेल्या वसाहतींची ओळख तशीच राहते का म्हणून. मी म्हटलं, "सगळ्या जोड्या कशाला? थोड्या निवडा." तिनं चिठ्ठ्या टाकल्या. एका चिठ्ठीत निघालं, चार आणि नऊ.

तुकडे मीच कापले.

१७ ऑक्टोबर

चार आणि नऊ जुळल्या.

सकाळी नवी सूक्ष्मदर्शकावरून उठलीच नाही. मग ओरडली, "ताई, या, बघा तरी!" दोन्ही चटया एक झालेल्या, मधे रेघसुद्धा नाही. तिनं चारच्या बाजूला लाल रंगाचं खाणं दिलं होतं, ते नऊच्या पॉलिपांत उतरलं होतं. जुन्या वहीत स्पष्ट लिहिलंय: चार विरुद्ध नऊ, लढाई, मधे मेलेला पट्टा. चार उत्तरेकडच्या खाडीतली, नऊ बंदरापलीकडची. नातं असण्याचा संबंधच नाही.

"म्हणजे वय झालं की परकं कोण हे ओळखणं सुटतं," नवी म्हणाली. "हे कुणी दाखवलेलं नाही, ताई. कुणीच नाही." तिचं कंत्राट डिसेंबरात संपतंय. असा एक लेख छापून आला तर तिला कायम करतील, असं साहेबांनी सांगितलंय. तिनं मला मिठी मारली. माझ्या अंगाला खाऱ्या पाण्याचा वास येतो, तिला काही वाटलं नाही.

मी तिचे हात सोडवले आणि पाणी बदलायला गेले.

१८ ऑक्टोबर

एकोणीस वर्षांत कुणाला सांगितलं नाही ते आज लिहून टाकते.

आई आजारी होती आणि चार नंबरही. चार आक्रसत चालली होती. तिच्या खाडीत तोवर धक्का बांधला होता, वाळू गेली, शंख गेले, खेकडे गेले. तिथली एवढी एकच उरली होती, माझ्या भांड्यात. धाकटीचा फोन आला, लगेच ये. मी म्हटलं, चार दिवसांत येते. चारचे चांगले तुकडे कापून नव्या काचांवर बांधायचे होते, दोऱ्यानं, आणि चिकटेपर्यंत रोज बघायचं होतं. हे दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं. दुसरा फोन आला, तिसरा आला. चार चिकटली, तेव्हा मी निघाले. पोचले तेव्हा आई गेली होती. धाकटी दारातच म्हणाली, "तुला ते शेवाळ आईपेक्षा मोठं." मी म्हटलं, शेवाळ नाही, प्राणी आहे तो. खरंच असं म्हटलं.

अकरा दिवस तिथे राहिले. खोलीची किल्ली साहेबांकडे दिली होती. तेव्हा ते साहेब नव्हते, पदवीसाठी धडपडणारे एक जण होते. "काळजी करू नका मावशी, रजेचा अर्जसुद्धा देऊ नका, मी सांभाळतो." परत आले तर चारचं पाणी दुधासारखं आणि खोलीभर वास. भरमसाट खाऊ एकदाच टाकून ते कुठल्याशा परिषदेला गेले होते. न खाल्लेलं कुजलं. इतर भांडी कशीबशी तगली. चारच्या काचांवर नुसता बुळबुळीत थर.

वहीत लिहायला हवं होतं, चार मेली. पण ते लिहिलं असतं तर मी कशासाठी थांबले होते? आईही नाही आणि चारही नाही. मी काचा उकळून घेतल्या. चार मादी होती. अंडी धरणाऱ्या पॉलिपांत गुलाबी ठिपके दिसतात, त्यावरून कळतं. तशीच दाट वाढीची दुसरी मादी एकच होती, नऊ. तिचा तुकडा कापला आणि चारच्या काचेवर बांधला. लेबल तसंच ठेवलं. चार नंबर, मादी. मग वहीतले अकरा दिवस एका बैठकीत भरून काढले. तापमान, खारटपणा, खाऊ दिला, सही.

ती काच वसाहतीनं भरायला तीन महिने लागले. तीन महिन्यांत कुणीही भांड्यात डोकावलं नाही. तेव्हा नाही आणि नंतरही नाही.

२३ ऑक्टोबर

सांगायचं ठरवून वर गेले. नवी संगणकाकडून वळली आणि म्हणाली, "बरं झालं आलात. तुमचं पूर्ण नाव कसं लिहू?"

लेखात लेखक म्हणून. तिच्या नावाखाली माझं, साहेबांच्या वर. मी म्हटलं, "मी काय केलंय?" ती म्हणाली, "सव्वीस वर्षं जिवंत ठेवलंत. तुम्ही नसता तर यातलं काय होतं?" या खोलीच्या जिवावर एकोणचाळीस लेख छापून आलेत, मी मोजलेत. एकातही, आभारातसुद्धा, मी नाही. एकदा "कर्मचारी" असं होतं.

मी नाव सांगितलं. तिनं वाचून दाखवलं, मी एक वेलांटी दुरुस्त करायला लावली. मग खाली आले.

२९ ऑक्टोबर

नवी आज जुन्या वह्या घेऊन बसली होती. माणूस किती बारकाईनं बघतं! त्या अकरा दिवसांवर बोट ठेवून म्हणाली, "ताई, इथे अक्षर किती एकसारखं आलंय तुमचं. रोज त्याच पेनानं." मी म्हटलं, तेव्हा हात चांगला होता. ती हसली नाही. "तापमानही रोज तेच," म्हणाली. कौतुक करायची तिची पद्धत जरा कोरडीच आहे.

२ नोव्हेंबर

नवीनं चार आणि नऊचे तांदळाएवढे तुकडे कापून छोट्या नळ्यांत भरले आणि दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवले. कशाला विचारलं तर म्हणाली, "खात्री करून घेते." रंगीत फोटो काढणार असतील. लेखात फोटो चांगले लागतात.

माझं असं म्हणणं आहे की आता सांगून कुणाचं भलं होणार? पोरीची नोकरी जाईल. माझं काय, मी तर चाललेच आहे. गप्प बसते ते तिच्यासाठी. हे वाक्य मी तीनदा लिहून तीनदा खोडलं, आता राहू देते.

६ नोव्हेंबर

साहेब तळघरात आले. मला आठवतं तसं सात वर्षांत पहिल्यांदा. भांड्यांवरून नजर फिरवली, चारपाशी थांबले नाहीत. म्हणाले, "मावशी, आता शेवटचे दिवस आनंदात काढा. ती पोरगी जुनं काही विचारेल, तुम्ही फार डोक्याला त्रास करून घेऊ नका. एवढ्या वर्षांचं कुणाला आठवतं?" मग, "निरोपाला चांगलं घड्याळ देऊ तुम्हाला." साहेब पहिल्यांदाच माझ्याशी माणसासारखं बोलले. इतकी वर्षं उगाच बोटं मोडली त्यांच्या नावानं.

१३ नोव्हेंबर

नवी दोन दिवस गप्पगप्प आहे. काल तिला टपालानं जाड पाकीट आलं, तेव्हापासून. घरचं काही असेल. लेख अजून पाठवलेला नाही. साहेब रोज विचारतात, ती म्हणते, "एक गोष्ट राहिलीय."

आज माझ्याशेजारी बसून काचा पुसायला लागली. तिचं काम नाही ते. बराच वेळ पुसल्यावर म्हणाली, "ताई, एकोणीस वर्षांपूर्वी मार्चमध्ये तुम्ही इथेच होतात?"

"वहीत आहे की."

"वहीत आहे," ती म्हणाली आणि अजून दोन काचा पुसल्या.

१९ नोव्हेंबर

पुन्हा बसली. आईवडिलांबद्दल विचारत होती. आई कधी गेली, जवळ कोण होतं. मी म्हटलं, धाकटी होती. "आणि तुम्ही?" मी म्हटलं, "पाणी बदलायची वेळ झाली." खरंच झाली होती.

पण मग संध्याकाळपर्यंत माझं मन लागेना. लोकांना आपलं काही पडलेलं नसतं अशी सवय झाली की कुणी विचारलं तरी जीव घाबरा होतो. लेखाची प्रत तिनं माझ्या टेबलावर ठेवलीय. वर माझं नाव. मी ते बोटानं झाकून पाहिलं आणि बोट काढून पाहिलं.

२४ नोव्हेंबर

आज सकाळी त्या जुळलेल्या काचेवर खाऊ दिला. डाव्या बाजूला टाकला, उजवीकडचे पॉलिप भरले. एकोणीस वर्षं दोन भांड्यांत होत्या, हातभर अंतरावर. एकमेकींचं पाणीही कधी लागलं नाही. तरी भेटल्यावर एक दिवस पुरला. मला एकदम रडू आलं आणि रागही आला, कुणाचा ते कळेना. हात पुसले आणि वर गेले.

उभ्यानंच सांगितलं सगळं. चार मेली होती. ही नऊच आहे. किल्ली कुणाकडे होती तेही सांगितलं.

नवीनं खण उघडून ते पाकीट काढलं. दुसऱ्या शहराच्या प्रयोगशाळेचं. दोन्ही तुकडे एकाच जिवाचे, असा निकाल. तारीख दहा नोव्हेंबर.

"तुला माहीत होतं?"

"बारा तारखेपासून. संशय त्याआधीपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले." तिचा आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. "मी रोज विचारत होते. आणखी कसं विचारायचं?"

मी म्हटलं, "तुझी नोकरी जाईल म्हणून..."

"माझ्यावर ढकलू नका," ती म्हणाली.

लेख पाठवायचा तिनं रद्द केला. साहेबांकडे ती गेली होती. किल्लीचं त्यांना काहीच आठवत नाही.

२६ नोव्हेंबर

नवी खाली आली. हिशेबी बोलली, कामापुरतं. आता दुसरा छोटा लेख लिहिणार, एकच वसाहत एकोणीस वर्षं दोन भांड्यांत वेगळी ठेवली तरी स्वतःला ओळखते. नोकरी त्यानं मिळणार नाही, पण वाया तरी जाणार नाही. त्यासाठी तुकडा कोणत्या दिवशी कापला ती तारीख हवी, अगदी नक्की. वहीवर आता विश्वास नाही.

मी निर्लज्जासारखं विचारलं, "त्यात माझं नाव?"

"तळटीपेत. तारीख कुणी सांगितली ते लिहावंच लागेल." दारात थांबली. "नक्की दिवस कुणाला माहीत असेल?"

मी परत आले त्याच्या दुसऱ्या सकाळी तुकडा कापला एवढं पक्कं आठवतं. परत कधी आले ते आठवत नाही. रजेचा अर्ज नव्हता, त्यामुळे कार्यालयाच्या कागदांवर मी त्या मार्चमध्ये रोज हजर आहे. आई गेली तेव्हाही हजर आहे.

नवी गेल्यावर लक्षात आलं, आज तिनं मला ताईही म्हटलं नाही आणि मावशीही नाही.

२८ नोव्हेंबर

धाकटीला फोन केला. नंबर तोच आहे.

"कोण?"

"मी."

मागे कुणीतरी नळ बंद केला.

"बोल."

"आई गेली ती तारीख हवी होती. आणि मी कधी आले, कधी गेले."

"आत्ता?"

"कामासाठी हवीय," मी म्हटलं. दुसरं काही म्हणता आलं असतं. तोंडातून हेच आलं.

ती हसली असं वाटलं, पण हसणं नसावं. मग एका दमात सांगितलं, जणू रोज म्हणत असावी. "अठरा मार्च, रविवार, दुपारी. तू वीसला संध्याकाळी आलीस. तीसला सकाळी गेलीस. तुझी पिशवी कोपऱ्यापर्यंत मी आणली होती, तू वळून बघितलं नाहीस. घेतलंस लिहून?"

"हो."

"अठराला सकाळी आई शुद्धीत होती. तुझं नाव घेत होती. हे नको असेल कामाला."

मी पेन धरून बसले होते. माझं नाव.

"आहे का अजून जिवंत, ते शेवाळ?" धाकटी म्हणाली.

प्राणी आहे तो, हे जिभेवर आलं. गिळलं. "नाही," मी म्हटलं. "तेव्हाच मेलं. मी तुमच्याकडे होते तेव्हाच."

धाकटी म्हणाली, "अगं, मग कशासाठी थांबली होतीस?"

तिनं थोडा वेळ वाट पाहिली, आणि मग फोन ठेवला.

३० नोव्हेंबर

वरच्या मजल्यावर निरोपाची तयारी चाललीय, खुर्च्या ओढल्याचे आवाज येतायत. नव्या माणसाला पाणी कसं बदलायचं ते दाखवून झालं. तो लक्ष देत नव्हता. चार नंबरच्या भांड्याचं लेबल मी स्वतः खरवडून काढलं आणि नवं लावलं. नऊ, दुसरं भांडं. एकतीस मार्चला कापली.

मग जुनी वही काढली. वीस मार्चपासून तीस मार्चपर्यंत अकरा ओळी, सगळ्या सुबक. प्रत्येक ओळीवर आडवी रेघ मारली. नवी शेजारी उभी होती, साक्षीला. समासात जागा अगदी थोडी होती, म्हणून बारीक अक्षरात लिहिलं: या दिवसांत मी इथे नव्हते. आईच्या घरी होते. आई त्याआधीच गेली होती.

खाली पूर्ण नाव घालून सही केली. नवीनं वाचलं, तारखा बोटानं ताडून पाहिल्या, आणि वही मिटून वर घेऊन गेली.